माझ्या स्वयंपाकघरातलं सोंग

आता नाताळात माझ्या दारात सोंगं येत नाहीत. वर शेजारी बॅक्स्टरकडे जातात, खाली धक्क्यापाशी जातात, माझ्या घरावरून मात्र गुमान पुढे सटकतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. दाराशी पाय वाजले की मी अजूनही दचकते, तेव्हा न आलेलीच बरी.

न्यूफाउंडलंडच्या या टोकाला आमच्याकडे करमणूक म्हणजे वारा, नाहीतर शेजारी. म्हणून नाताळापासून जुन्या नाताळापर्यंतचे, म्हणजे सहा जानेवारीपर्यंतचे, बारा दिवस माणसं तोंड झाकून एकमेकांच्या घरी जातात. बाप्ये बायकांचे झगे घालतात, बायका नवऱ्यांची मासेमारीची पॅंट चढवतात, पाठीला उशीचं कुबड, तोंडावर पडद्याचं कापड किंवा अभ्रा. बोलायचं ते श्वास आत ओढून, म्हणजे आवाज ओळखू येत नाही. घरच्यांनी नाव ओळखायचं. ओळखलं की पडदा वर, आणि मग रम, केक, नाच. ओळखलं नाही तोवर मात्र पडद्याला हात लावायचा नाही. हा नियम माझ्या आजीच्या आजीपासूनचा. देवाच्या दहा आज्ञांपैकी निम्म्या मोडणारी माणसं आमच्या गावात आहेत, पण हा नियम मोडणारा एकही नाही.

डल्सी माझी धाकटी बहीण, आणि हेडली तिचा नवरा. हेडली खेकड्यांच्या बोटीवर जायचा. उंच, थोडा वाकलेला, हसताना खांदे उडवणारा माणूस. सोंग घेण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. एकदा तो पाद्रीबाईंचा कोट घालून आला तेव्हा खुद्द पाद्रीबाईंनी त्याला स्वतःची बहीण समजून मिठी मारली होती. सगळं गाव फसायचं, फक्त डल्सी नाही. हा दारात पाय ठेवतो न ठेवतो तोच ती चुलीपाशी बसल्या जागेवरून ओरडायची, "हेडली, बूट पूस आधी!" सगळा खेळ तिथेच संपायचा. शेवटी गावाने ठरवलं की डल्सीने सगळ्यांच्या शेवटी बोलायचं.

"तीस गोण्या घाल त्याच्या अंगावर," ती मला म्हणायची, "मी त्याला त्याच्या गप्प बसण्यावरून ओळखीन."

हेडलीला याचा केवढा अभिमान! "जगात मला लपायला जागा उरली नाही," तो धक्क्यावर सांगत फिरायचा. "बायकोने ठेवलीच नाही." यापलीकडे त्याने बायकोविषयी कधी गोड शब्द काढल्याचं मला आठवत नाही. आमच्याकडचे पुरुष तसेच. लग्नात एकदा 'हो' म्हणतात आणि त्यावर जन्म काढतात.

त्या हिवाळ्यात फ्लूने गाव झाडून काढलं. घराघरातून खोकल्याचे आवाज, नाताळच्या प्रार्थनेला चर्च अर्धं रिकामं. हेडलीलाही ताप चढला. डल्सी दिवसभर त्याच्या उशाशी, आणि माझ्याशी फोनवर कुरकुर, "नवरा आजारी पडण्यापेक्षा तान्हं मूल परवडतं ग बाई. मूल निदान आपण मरणार म्हणून दर तासाला सांगत नाही."

मग एके दिवशी ताप उतरला. हेडली वाटीभर टर्कीचं सूप प्यायला, डोकं जरा दुखतंय म्हणाला, आणि बायकोला म्हणाला, "जा ट्रिफीकडे. उशाशी बसून माझ्यासाठी प्रार्थना म्हणू नकोस, मी मेलो नाही अजून." ट्रिफी म्हणजे मी. माझं घर उताराच्या पायथ्याशी, त्यांचं वर. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांचं दार दिसतं. डल्सी संध्याकाळची जेवणं उरकून माझ्याकडे आली, किती दिवसांनी केस विंचरून. बॅक्स्टर अकॉर्डियन घेऊन आला होता, त्याची बायको एफी होती. आम्ही चौघंच. आधीची सोंगं येऊन नाचून गेली होती आणि फरशीवर बर्फाचं पाणी साचलं होतं.

तेवढ्यात दार उघडलं. ठोठावणं नाही, काठी आपटणं नाही, 'सोंगं येऊ देत का' हा प्रश्न नाही. "आजकाल कुणाला रीतभात राहिली नाही," मी म्हणाले.

आत आलं ते एक पांढरं सोंग. अंगभर चादर गुंडाळलेली, डोक्यावरून खांद्यापर्यंत पांढरा अभ्रा. डोळ्यांना भोकंसुद्धा पाडलेली नव्हती. एका पायात बूट, दुसऱ्या पायात नुसता मोजा, तोही भिजलेला. ते भिंतीला हात लावून उभं राहिलं.

"वा रे पठ्ठ्या!" बॅक्स्टर खूश झाला. "भूतच आणलंय की! एफी, केक झाक, भुतं खादाड असतात."

सोंग काही बोललं नाही. अभ्र्याआड श्वास तेवढा आत ओढला जात होता, घुसमटल्यासारखा, आणि अभ्रा तोंडाला चिकटून पुन्हा सुटत होता. आम्हाला वाटलं, सोंगांची बोली बोलतंय. मग ते भिंतीभिंतीने सरकत डल्सीच्या खुर्चीसमोर गेलं आणि तिथे थांबलं, डोकं तिच्याकडे वळवून.

"डल्सी, तुझ्यावर भाळलाय ग हा," एफी म्हणाली. "तुझा म्हातारा घरी खोकतोय तोवर जमवून टाक."

"याला निदान खोकला नाही," डल्सी म्हणाली, आणि आम्ही सगळे हसलो.

मग नावं सुरू झाली. बॅक्स्टरने मासळी कारखान्याच्या मुकादमाचं नाव घेतलं. एफीने पोस्टातल्या माणसाचं. मी पाद्रीबाईंचं, कारण आदल्या वेळचं उट्टं त्या काढणार असं सगळे म्हणत होते. सोंग डोलत उभं. बॅक्स्टरने अभ्र्याची कड जराशी उचलून रमचा पेला आत सरकवला, तेवढं चालतं. अर्धी रम चादरीवर ओघळली.

"डल्सी, आता तुझी पाळी," मी म्हणाले. "तू सांग."

तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी तिच्याकडे बघत होते, म्हणून सांगते, तिने नीट पाहिलं. नवरा वर बिछान्यात आहे हे तिला जेवढं पक्कं ठाऊक होतं तेवढं दुसरं काहीच नव्हतं. "अँब्रोज," ती म्हणाली. "दुसरं कोण? चाल बघा की मेल्याची. एक पाय गावात आणि एक समुद्रात." अँब्रोज आमच्या गावचा नामांकित दारुडा.

सोंगाने मान हलवली नाही. ते वळलं आणि सरळ माझ्या बशांच्या कपाटावर जाऊन आदळलं. दोन बशा फुटल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग ते खाली कोसळलं आणि त्याचे हातपाय झटके देऊ लागले, टाचा फरशीवर ताडताड, ताडताड. बॅक्स्टरने त्या ठेक्यावर अकॉर्डियन धरलं. "झोपलेल्याला उठवता येतं," तो वाजवता वाजवता ओरडला, "झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही!"

एफीचं हसू आधी थांबलं. "ट्रिफी," ती म्हणाली, "खाली ओलं झालंय."

"रम सांडली असेल."

"रम नाही ग ती."

अकॉर्डियन थांबलं. टाचा तशाच वाजत होत्या. आणि एवढं होऊनही आम्ही चौघं त्या अभ्र्याकडे नुसते बघत उभे राहिलो. नाव कुठे ओळखलं होतं अजून? आजही ही गोष्ट मी कुणाला सांगायला गेले की परगावची माणसं इथे मला अडवतात, म्हणतात, असं कसं? असंच. शेवटी घर माझं म्हणून मी वाकले आणि अभ्रा ओढला.

हेडलीचे डोळे अर्धे उघडे होते आणि वर वळले होते. ओठांतून फेस आणि रक्त. मी डल्सीकडे पाहिलं. तिच्या तोंडावर मघाचं हसू तसंच होतं. ते जायला वेळच मिळाला नव्हता.

हॉस्पिटलात पोचलो तेव्हा ड्यूटीवरच्या पोरगेल्या डॉक्टरने आधी नाक मुरडलं. सणाचे दिवस, चादरीला रमचा वास. "किती घेतली आहे यांनी?" त्याने विचारलं.

"पेलाभर, आणि तीही चादरीने प्यायली," डल्सी कडाडली. "माझा नवरा आठवडाभर फ्लूने पडलाय. त्याचं तोंड हुंगायचं सोड आणि त्याचं डोकं बघ."

पोरगा बरा होता, त्याने बघितलं. डोक्याची चित्रं काढली, पाठीच्या कण्यातून पाणी काढलं, झटके थांबवायला औषधं दिली, गळ्यात नळी घातली. सकाळी मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. फ्लूमुळे मेंदूला सूज आली आहे, म्हणाल्या.

"फ्लू छातीत होता," डल्सी म्हणाली. "डोक्यात कसा गेला?"

"तो वर चढलाच असेल असं नाही. कधी कधी त्याच्याशी लढता लढता शरीरच बेभान होतं आणि मेंदू सुजतो. लहान मुलांत दिसतं हे. मोठ्या माणसांत फार क्वचित. मी स्वतः आजवर पुस्तकातच वाचलं होतं."

"पण ताप उतरला होता की हो. सूप प्यायला तो."

"ताप उतरला होता. आजार नव्हता उतरला." मग त्यांनी विचारलं, "डोकं फार दुखत होतं का? उजेड सहन होत नव्हता का? अशा रुग्णांना दिवा डोळ्यांत सुईसारखा टोचतो. तोंडावर काहीतरी ओढून घेतात."

डल्सीने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. डॉक्टरीणबाईंना वाटलं आम्हाला कळलं नाही, म्हणून त्यांनी तेच पुन्हा सांगितलं. आम्हाला पहिल्याच वेळी कळलं होतं. हेडलीने सोंग घेतलंच नव्हतं. त्याला थंडी वाजत होती म्हणून त्याने चादर गुंडाळली, दिवे टोचत होते म्हणून उशीचा अभ्रा डोक्यावर ओढला, आणि बर्फातून चाचपडत तो बायकोला शोधायला आला होता.

तो बरेच आठवडे यंत्रावर होता. मग हळूहळू सूज उतरली, नळी निघाली, आणि एके दुपारी त्याने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. "ट्रिफी," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "म्हातारी झालीस की ग तू." मी आनंदाने रडायला लागले. बॅक्स्टर आला होता, त्यालाही त्याने नावाने हाक मारली, बोटीचं इंजिन दुरुस्त झालं का विचारलं. डल्सी धावत पलंगापाशी गेली आणि तिने त्याचा हात धरला.

हेडलीने तो हात हळूच सोडवून घेतला. "बाईंना बसायला खुर्ची द्या कुणीतरी," तो म्हणाला. आणि मग माझ्याकडे वळून, "डल्सी कुठाय?"

"अरे, ही काय," मी म्हणाले.

त्याने डल्सीकडे बराच वेळ बघितलं. मग तो हसला, चांगलं वठलेलं सोंग पाहून हसतात तसा. "झकास जमलंय हं," तो म्हणाला. "नाकसुद्धा तेच. पण तुम्ही आहात कोण?"

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. चेहरा ओळखणं वेगळं आणि चेहरा आपला वाटणं वेगळं. त्या दोन्हींमधला धागा सुजेने तुटला असावा. असं जवळच्यातल्या जवळच्या माणसाबाबतच होतं बहुधा. जुळेल, नाहीतर नाहीही जुळणार. त्याच्याशी वाद घालू नका.

वाद घालू नका! वसंतात ती त्याला घरी घेऊन आली आणि परक्या बाईसारखी स्वतःच्या घरात राहू लागली. हेडली तिच्याशी अदबीने वागायचा. ज्या बायकोला त्याने जन्मभर 'अगं ए' म्हणून हाका मारल्या तिला आता 'अहो बाई, तुम्ही कशाला त्रास घेता'. ती वाढायची, तो आभार मानायचा. बिछाना त्याने तिला दिला आणि स्वतः बैठकीवर झोपायचा, परक्या बाईची अब्रू म्हणून. तिने लग्नाचा फोटो दाखवला, अंगठी दाखवली, पोटावरची ऑपरेशनची खूण दाखवली. "कष्ट घेतलेत तुम्ही," तो म्हणाला. "पण माझी बायको येईल हो आता. ती आली की तिला हे आवडायचं नाही."

एकदा मी गेले तर डल्सी न्हाणीघराच्या आरशासमोर उभी होती. "ट्रिफी," ती म्हणाली, "मी दिसते का ग तशीच?" मी म्हणाले, "वेडी का काय." पण मला भीती वाटली, अगदी खरी भीती. कारण तिने विचारल्यावर मीही एक क्षण नीट बघितलं.

मग फोनचं झालं. ती माझ्याकडे आली होती आणि चुलीवर किटली राहिली की काय म्हणून तिने माझ्या फोनवरून घरी फोन केला. तिकडून हेडलीचा आवाज आला, एवढा मोठा की मला चुलीपाशी ऐकू गेला.

"डल्सी! अगं ए! आहेस कुठे तू?"

ती होती तिथेच खाली फरशीवर बसली. चेहरा समोर नसला की आवाज त्याला तिचाच वाटत होता. त्या दिवसापासून ती रोज दुपारी माझ्याकडे यायची. नवऱ्याला भेटायला बाईला स्वतःचं घर सोडून उतारावरून खाली यावं लागायचं. येताना ओठांना रंग लावून यायची, फोनवर दिसत नाही हे ठाऊक असून. मी बटाटे सोलत बसायचे आणि ती खिडकीपाशी उभी राहून बोलायची, अर्धा अर्धा तास. तो तिला असं काही काही सांगायचा की ऐकून माझेच कान गरम व्हायचे. तिच्या पावाची आठवण येते. बोट सुटताना ती कधी हात हलवत नाही, तोंड फिरवते, तेव्हा ती रडते हे त्याला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. जन्मात जे बोलला नाही ते सगळं. आणि शेवटी रोज तोच प्रश्न, "घरी कधी येतेस?"

"येते लवकरच," ती म्हणायची, आणि कोट घालून वर जायची. संध्याकाळी तो तिलाच सांगायचा, "बायकोचा फोन होता बरं का. येतेय म्हणाली."

मी म्हणायचे, हे बरं नव्हे. ती म्हणायची, "तुला काय जातंय? अर्धा तास तरी मी असते ना."

असं पानगळीपर्यंत चाललं. एके दुपारी, आकाश बर्फाने भरून आलं होतं, ती फोनवर बोलता बोलता थांबली. मग तिने ते विचारलं, जे विचारू नको म्हणून मी तिला बजावलं होतं.

"हेडली, ती बाई आहे ना घरात. ती मी नाही, हे तुला कशावरून रे?"

"अगं, दिसते हुबेहूब तुझ्यासारखी," तो म्हणाला. "आवाजसुद्धा उचललाय. दुसरा कुणीही फसला असता. पण मला पहिल्या दिवशीच कळलं, ट्रिफीच्या स्वयंपाकघरात."

डल्सीने खिडकीची चौकट धरली.

"डोकं फुटत होतं ग माझं," हेडली सांगत होता. "तोंडून शब्द फुटेना. उजेड नुसता कापत होता. म्हटलं, तुझ्यापर्यंत पोचलो की झालं. तू ओळखशील आणि काय करायचं ते करशील. तुझ्यासमोरच येऊन उभा राहिलो, अगदी समोर. आणि ती बाई हसली ग माझ्याकडे बघून. मला अँब्रोज म्हणाली. तेव्हाच म्हटलं, ही माझी डल्सी नव्हे." मग त्याच्या आवाजात तोच धक्क्यावरचा अभिमान आला. "तू असतीस तर ओळखलं असतंस."

माझ्या हातातली सुरी थांबली. मी हातानेच तिला खूण केली, सांग, आता तरी सांग त्याला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि फोनवर हात ठेवला.

"काय सांगू?" ती हलक्या आवाजात म्हणाली. "डल्सीनेच ओळखलं नाही म्हणून सांगू? मग त्याच्याकडे राहिलं काय?"

तिने हात काढला. "हो," ती फोनमध्ये म्हणाली. "ओळखलं असतं मी."

"मग ये ना आता घरी. रस्त्यावर बर्फ धरेल."

"निघालेच."

तिने ओठांचा रंग कोटाच्या बाहीने पुसला आणि दार ओढून घेऊन गेली. मी खिडकीतून बघत होते. ती उतार चढून वर पोचायच्या आत हेडलीने दार उघडलं होतं. तिला पाहून त्याने टोपी काढली, बाजूला सरून वाट दिली, आणि ती आत गेली. दार त्याने लावलं नाही. बर्फ पडायला लागला तरी तो उंबऱ्यात तसाच उभा होता, माझ्या घराकडून येणाऱ्या रस्त्याकडे बघत.